शेअरवरील लाभांशाचा हिशेब : दर्शनी किंमत, बाजारभाव आणि खात्यात येणारी रक्कम

एखाद्या कंपनीने ५०० टक्के लाभांश, म्हणजे नफ्यातून भागधारकांना द्यायचा वाटा, जाहीर केल्याची बातमी वाचून शंभराचे पाचशे होणार असे समजणारे नवे गुंतवणूकदार आजही भेटतात, आणि महिन्याभराने बँक खात्यात सात-आठशे रुपये जमा झाले की कंपनीने फसवले असा त्यांचा ग्रह होतो. कंपनीने काही लपवलेले नसते. तिने सांगितलेले टक्के दर्शनी किमतीवरचे असतात आणि शेअर घेताना आपण पैसे मोजलेले असतात बाजारभावाने. या दोन किमती एकाच हिशेबात मिसळल्या की उत्तर हमखास चुकते. त्या वेगळ्या ठेवून लाभांशाची रक्कम कशी काढावी, त्यावरून खरा परतावा कसा ठरवावा आणि करकपातीनंतर हाती किती उरते, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. गणित गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात ते शिकवलेही जाते. अडचण आकडेमोडीत येत नाही, कोणत्या आकड्याने भागायचे हे ठरवताना येते.

खानदेशाला हा विषय तसा परका नाही. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली आणि तिचीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या अनेक घरांत त्या कंपनीचे शेअर वडिलांकडून मुलांकडे आलेले आहेत. मात्र शेअर घरात असणे वेगळे आणि त्यावर यंदा किती लाभांश यायला हवा हे स्वतः कागदावर मांडता येणे वेगळे. मोबाइलवरून डिमॅट खाते, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याचे खाते, उघडणे सोपे झाल्यापासून पारोळा, शिरपूर, शहादा अशा तालुक्याच्या गावांतही नवे गुंतवणूकदार तयार झाले आहेत. पुढील मांडणी मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

दोन किमती आणि त्यांची कामे

दर्शनी किंमत म्हणजे कंपनीने आपले भागभांडवल ज्या समान भागांत वाटले आहे त्या एका भागाची कागदोपत्री किंमत. ती १, २, ५, १० अशी एक ठरलेली रक्कम असते आणि कंपनीने रीतसर ठराव करून विभाजन किंवा एकत्रीकरण केल्याशिवाय बदलत नाही. बाजारभाव म्हणजे त्याच शेअरसाठी खरेदीदार आज द्यायला तयार असलेली किंमत. ती बाजार चालू असताना क्षणाक्षणाला बदलते. बाजारभाव दर्शनी किमतीपेक्षा जास्त असला तर शेअर अधिमूल्यावर, कमी असला तर अवमूल्यावर आणि दोन्ही सारख्या असल्या तर सममूल्यावर आहे असे म्हणतात. बहुतेक नावाजलेल्या कंपन्यांचे शेअर अधिमूल्यावरच असतात.

शेतकरी कुटुंबातल्या वाचकाला हा फरक सातबाऱ्यावरून चटकन कळेल. उताऱ्यावर शेताचा ‘आकार’ काही रुपये-पैशांत लिहिलेला असतो आणि त्याच शेताच्या खरेदीखतात लाखांची रक्कम असते. जमीन महसूल आणि त्यावरचे स्थानिक उपकर आकारावरून ठरतात, पण शेत घेताना आकार पाहून कोणी पैसे मोजत नाही. लाभांशाचे टक्के हे त्या आकारावरचे टक्के आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिली पायरी : दर्शनी किंमत शोधणे

ब्रोकरच्या ॲपमध्ये बाजारभाव ठळक अक्षरांत दिसतो, दर्शनी किंमत मात्र कंपनीच्या माहितीच्या पानावर खाली कुठेतरी असते. ती तेथे सापडली नाही तर मुंबई शेअर बाजार किंवा राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून पाहावी, अथवा कंपनीच्या वार्षिक अहवालातील भागभांडवलाची टीप वाचावी. सर्व कंपन्यांची दर्शनी किंमत १० रुपयेच असते असे गृहीत धरू नये. स्टेट बँकेची १ रुपया आहे, विप्रो आणि जळगावच्या जैन इरिगेशनची २ रुपये, इन्फोसिसची ५ रुपये, एमआरएफची १० रुपये.

घरातील जुन्या कागदी प्रमाणपत्रावरून दर्शनी किंमत घेण्याचा मोह टाळावा. त्या जाड कागदावर वर फोलिओ क्रमांक, मधोमध धारकाचे नाव, शेअरची संख्या आणि त्यांचे अनुक्रमांक, आणि ‘प्रत्येकी रुपये १०, पूर्ण भरणा केलेले’ असा मजकूर असतो. तो मजकूर छपाईच्या दिवशी खरा होता. त्यानंतर कंपनीने विभाजन केले असेल तर आजची दर्शनी किंमत वेगळी असते आणि शेअरची संख्याही वेगळी असते. विप्रोनेच १९९९ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांच्या पाच शेअरमध्ये विभाजन केले होते.

दुसरी पायरी : टक्क्यांचे रुपये करणे

सूत्र सरळ आहे. दर्शनी किमतीला लाभांशाच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागले की एका शेअरवरचा लाभांश मिळतो, आणि त्याला शेअरच्या संख्येने गुणले की एकूण रक्कम मिळते.

समजा, भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने १० रुपये दर्शनी किमतीचे १५० शेअर २४० रुपये भावाने घेतले आणि कंपनीने ६० टक्के लाभांश जाहीर केला. एका शेअरवर १० चे ६० टक्के म्हणजे ६ रुपये मिळतील आणि एकूण लाभांश १५० × ६ = ९०० रुपये होईल. येथपर्यंत २४० हा आकडा कोठेही लागलेला नाही, ही गोष्ट मुद्दाम पाहून ठेवावी. हाच शेअर ज्याने ९० रुपयांना घेतला आणि ज्याने ४०० रुपयांना घेतला, त्या दोघांनाही शेअरमागे ६ रुपयेच मिळतील. कंपनी लाभांश देताना तुमचा खरेदीभाव पाहत नाही. तो तिला ठाऊकही नसतो.

शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांनी लाभांश प्रति शेअर रुपयांतच जाहीर करावा असा सेबी या बाजार नियामक संस्थेचा नियम आहे. त्यामुळे कंपनीच्या अधिकृत सूचनेत ‘प्रति शेअर ६ रुपये’ असेच लिहिलेले असते. टक्केवारी वापरतात त्या बातम्या, ब्रोकरचे संदेश आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्या, कारण ‘६ रुपये’ यापेक्षा ‘६० टक्के’ हे कानाला भारदस्त वाटते. माझा सल्ला असा की टक्केवारीचा आकडा दिसला की प्रथम कंपनीची मूळ सूचना उघडावी आणि रुपयांतला आकडा घ्यावा. तो मिळाला तर दर्शनी किमतीची गरजच उरत नाही.

एखाद्या शेअरचा पूर्ण भरणा झालेला नसेल, म्हणजे कंपनीने रकमेचा काही भागच मागवला असेल, तर लाभांश भरलेल्या रकमेच्या प्रमाणात दिला जाऊ शकतो. असे शेअर कमीच आढळतात, पण हक्कभागातून, म्हणजे कंपनीने आधीच्या भागधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरविक्रीतून, मिळालेले शेअर असतील तर तेवढे तपासावे.

तिसरी पायरी : मोजायचे शेअर किती

लाभांश कोणाला मिळणार हे ठरवण्यासाठी कंपनी एक नोंद दिनांक जाहीर करते. त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर असतील त्यालाच लाभांश मिळतो. २७ जानेवारी २०२३ पासून आपल्या बाजारात सर्व शेअरचे व्यवहार पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतात, म्हणून नोंद दिनांकाच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी झालेली असावी लागते. नोंद दिनांक शुक्रवारी असेल तर गुरुवारपर्यंत खरेदी करावी. गुरुवारी बाजाराला सुटी असेल तर बुधवारपर्यंत. शुक्रवारी घेतलेल्या शेअरवर तो लाभांश मिळणार नाही, आणि शुक्रवारी विकले तरी विकणाऱ्याचा हक्क कायम राहील.

यावरून काही जणांना सोपी युक्ती सुचते, की आदल्या दिवशी घ्यावे, लाभांश पदरात पाडावा आणि विकून मोकळे व्हावे. बाजार इतका भोळा नाही. ४०० रुपयांच्या शेअरवर २० रुपये लाभांश असेल, तर नोंद दिनांकाच्या सकाळी तो शेअर साधारण ३८० च्या आसपास उघडण्याची अपेक्षा असते, कारण कंपनीच्या तिजोरीतून तेवढी रक्कम जाणार हे सर्वांना ठाऊक असते. लाभांशावर कर लागतो तो निराळाच, शिवाय दोन वेळची दलाली जाते.

संख्येच्या बाबतीत खरा गोंधळ विभाजन आणि बक्षीस शेअर यांमुळे होतो. विभाजनात दर्शनी किंमत कमी होते आणि त्याच प्रमाणात शेअर वाढतात. बक्षीस शेअर म्हणजे कंपनीने भागधारकांना मोफत दिलेले जादा शेअर; त्यांत दर्शनी किंमत तीच राहते आणि शेअर वाढतात. विप्रोचेच पाहा. २०१७ मध्ये एकास एक, २०१९ मध्ये तीन शेअरमागे एक आणि २०२४ मध्ये पुन्हा एकास एक असे बक्षीस शेअर कंपनीने दिले. २०१७ च्या आधी ज्याच्याकडे ३०० शेअर होते आणि ज्याने मधल्या काळात काहीच विकले नाही, त्याचे प्रथम ६०० झाले, नंतर ८०० आणि शेवटी १,६००. प्रति शेअर ५ रुपये लाभांश आला, तर जुन्या वहीतील ३०० धरून हिशेब करणाऱ्याला १,५०० रुपये अपेक्षित वाटतील, प्रत्यक्षात मात्र ८,००० रुपये यायला हवेत. उलट बाजूनेही चूक होते. १० रुपयांच्या शेअरवर २० रुपये लाभांश देणारी कंपनी विभाजनानंतर २ रुपयांच्या शेअरवर ५ रुपये देऊ लागली की लाभांश घटला अशी ओरड होते. पण १०० शेअरचे ५०० झालेले असतात, पूर्वीचे २,००० रुपये आता २,५०० झालेले असतात आणि टक्केवारी २०० वरून २५० वर गेलेली असते.

म्हणून संख्या नेहमी नोंद दिनांकाच्या डिमॅट विवरणपत्रातून घ्यावी, आठवणीतून घेऊ नये.

चौथी पायरी : परताव्याचा दर

आता बाजारभावाचे काम सुरू होते. मिळालेल्या लाभांशाला गुंतवलेल्या रकमेने भागून शंभराने गुणले की परताव्याचा दर मिळतो. भुसावळच्या उदाहरणात गुंतवणूक १५० × २४० = ३६,००० रुपये आणि लाभांश ९०० रुपये, म्हणजे परतावा २.५ टक्के. जाहीर झालेले ६० टक्के आणि हातात पडलेले २.५ टक्के, दोन्ही आकडे खरेच आहेत, फक्त भाजक वेगळे आहेत.

हा फरक किती मोठा असू शकतो हे २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी जाहीर झालेल्या तीन लाभांशांवरून दिसते. एमआरएफने ३, ३ आणि २२९ असे मिळून प्रति शेअर २३५ रुपये दिले. दर्शनी किंमत १० असल्याने हा २,३५० टक्के लाभांश झाला. स्टेट बँकेने १ रुपयाच्या शेअरवर १५.९० रुपये, म्हणजे १,५९० टक्के दिला. कोल इंडियाने १० रुपयांच्या शेअरवर १५.७५, ५.६० आणि ५.१५ मिळून २६.५० रुपये, म्हणजे २६५ टक्के दिला. आता समजा, एखाद्याने हे शेअर अनुक्रमे १,४०,०००, ७९५ आणि ३९० रुपये भावाने घेतले होते. एमआरएफचा परतावा ०.१७ टक्के येतो, स्टेट बँकेचा २ टक्के आणि कोल इंडियाचा ६.७९ टक्के. टक्केवारीच्या यादीत जी कंपनी सर्वांत वर होती ती परताव्यात तळाशी गेली आणि तळाची वर आली. यावरून कोणता शेअर घ्यावा हे ठरत नाही, आणि ठरवूही नये, कारण भाववाढीचा विचार यात मुळीच नाही. एमआरएफ घेणारा माणूस लाभांशासाठी तो घेत नसतो.

गुंतवलेली रक्कम मोजताना दलाली आणि इतर खर्च धरावेत. जळगावच्या एका शिक्षिकेकडे ५०,००० रुपये आहेत आणि तिला २ रुपये दर्शनी किमतीचा, ३२० रुपये भावाचा शेअर घ्यायचा आहे असे समजू. ५०,००० ला ३२० ने भागले तर १५६ शेअर येतात. पण १५६ शेअरचे ४९,९२० रुपये झाल्यावर खर्चासाठी ८० रुपयेच उरतात आणि ते पुरत नाहीत. म्हणून १५५ शेअर घ्यावे लागतील. त्यांची किंमत ४९,६०० रुपये. ब्रोकरची दलाली ०.३ टक्के असेल तर १४८.८० रुपये, त्या दलालीवर १८ टक्के जीएसटी २६.७८ रुपये, रोखे व्यवहार कर ०.१ टक्का म्हणजे ४९.६० रुपये आणि मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्का म्हणजे ७.४४ रुपये. बाजाराचे किरकोळ शुल्क सोडले तर एकूण गुंतवणूक ४९,८३२.६२ रुपये झाली. कंपनीने ४५० टक्के, म्हणजे शेअरमागे ९ रुपये लाभांश दिला, तर १५५ × ९ = १,३९५ रुपये मिळतील आणि परताव्याचा दर २.८० टक्के होईल. खर्च न धरता तो २.८१ येतो, म्हणजे फरक नगण्य आहे. मात्र वारंवार थोडे थोडे शेअर घेणाऱ्याला, विशेषतः दलालीची किमान रक्कम ठरलेली असेल तर, हा फरक जाणवतो.

तोच शेअर वेगवेगळ्या वेळी घेतला असेल तर भावांची नुसती सरासरी काढू नये. ४० शेअर १८० ने आणि ६० शेअर २३० ने घेतले असतील, तर एकूण खर्च ७,२०० + १३,८०० = २१,००० रुपये होतो आणि १०० शेअरवर सरासरी भाव २१० रुपये पडतो; १८० आणि २३० यांची मधली किंमत २०५ येते, ती चुकीची आहे. बक्षीस शेअर मिळाले असतील तर खर्च तोच ठेवून संख्या वाढवावी. २१,००० रुपयांत घेतलेल्या १०० शेअरचे एकास एक बक्षिसानंतर २०० झाले की प्रत्येकाचा भाव १०५ रुपये पडतो.

खरेदीभावाने भागावे की आजच्या भावाने, हा प्रश्न येथे हमखास निघतो. दहा वर्षांपूर्वी १२० रुपयांना घेतलेल्या शेअरचा भाव आज ६०० असेल आणि लाभांश १२ रुपये असेल, तर खरेदीभावावर परतावा १० टक्के आणि आजच्या भावावर २ टक्के दिसतो. आपली जुनी खरेदी कशी ठरली हे पाहायचे असेल तर पहिला आकडा योग्य आहे. पण शेअर ठेवावा की विकून ती रक्कम मुदत ठेवीत टाकावी, असा निर्णय घ्यायचा असेल तर दुसराच आकडा घ्यायला हवा, कारण आज विकले तर हाती ६०० रुपये येतात, १२० नव्हे. पहिल्या आकड्यावर खूश होऊन दुसऱ्याकडे न पाहणारे बरेच जण असतात. त्यात समाधान आहे, हिशेब नाही.

आणखी एक सावधगिरी. आजच्या भावावर ९-१० टक्के लाभांश परतावा दिसणाऱ्या शेअरची यादी आकर्षक वाटते. भागाकारात भाजक लहान झाला की उत्तर मोठे येते. भाव निम्म्यावर आला म्हणूनही परतावा दुप्पट दिसतो. शिवाय एखाद्या वर्षी जमीन किंवा उपकंपनी विकून दिलेला विशेष लाभांश त्या आकड्यात मिसळलेला असतो आणि पुढच्या वर्षी तो येत नाही. निदान पाच वर्षांचे लाभांश एकाखाली एक लिहून, विशेष लाभांश बाजूला काढून, मगच दर काढावा.

पाचवी पायरी : कर आणि करकपात

१ एप्रिल २०२० पासून लाभांश हे भागधारकाचे उत्पन्न धरले जाते आणि त्यावर त्याच्या टप्प्यानुसार कर लागतो. त्यापूर्वी कंपनी लाभांश वितरण कर भरत असे. १ एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षभरात मिळणारा लाभांश १०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर कंपनी व्यक्तीच्या लाभांशातून १० टक्के रक्कम कापते. पॅनची नोंद नसेल तर २० टक्के कापते. कपात मर्यादेपुढच्या रकमेवर नसून पूर्ण रकमेवर असते. २,००० शेअरवर ७ रुपयांप्रमाणे १४,००० रुपये झाले, तर १,४०० कापून १२,६०० रुपये खात्यात येतात. परताव्याचा दर काढताना आणि विवरणपत्र भरताना १४,००० हाच आकडा धरायचा. १२,६०० धरणारे उत्पन्नही कमी दाखवतात आणि कापलेल्या १,४०० रुपयांचा दावाही सोडून बसतात. कापलेली रक्कम आयकर खात्याच्या २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण यांत दिसते, ती एकदा ताडून पाहावी.

ज्यांचे एकूण करपात्र उत्पन्न मर्यादेच्या आत आहे त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला कंपनीच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे स्वघोषणापत्र दिले तर कपात टळते. ते राहून गेले असेल तर विवरणपत्र भरून कापलेली रक्कम परत मागता येते. खानदेशातल्या शेतकरी वाचकांसाठी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, लाभांशाचे नाही. चोपड्याच्या एखाद्या केळी उत्पादकाचे शेतीव्यतिरिक्त उत्पन्न लाभांश आणि व्याज मिळून ५०,००० रुपयेच असेल, तर शेतीचे उत्पन्न कितीही असले तरी त्या पन्नास हजारांवर कर लागणार नाही. पण त्याच घरात कोणी पगारदार असेल, त्याचे बिगरशेती उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल आणि त्याच्या नावावर ५,००० रुपयांपेक्षा अधिक शेती उत्पन्न असेल, तर कराचा दर ठरवण्यासाठी शेतीचे उत्पन्न जमेस धरले जाते. लाभांशावरचा कर अशा माणसाला वाटतो त्यापेक्षा वरच्या दराने बसू शकतो, म्हणून शेती आहे तेव्हा कर नाही या समजुतीवर विसंबू नये.

संयुक्त नावाने घेतलेल्या शेअरचा लाभांश पहिल्या नावाच्या खात्यात जातो आणि करकपातही त्याच पॅनवर दिसते.

सहावी पायरी : पैसे कधी आणि कोठे येतात

अंतरिम लाभांश संचालक मंडळ वर्ष चालू असताना जाहीर करते. अंतिम लाभांशाची मंडळ फक्त शिफारस करते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेने मंजुरी दिल्यावर तो देय होतो. सभा तो कमी करू शकते, वाढवू शकत नाही. जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत रक्कम दिली गेली पाहिजे. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या सभा साधारण जून ते सप्टेंबर या काळात होतात, त्यामुळे २०२४-२५ चा अंतिम लाभांश २०२५-२६ मध्ये हाती येतो आणि त्याच वर्षाच्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. याच काळात खरिपाचा खर्च चालू असतो. कापसाच्या बियाण्यासाठी किंवा खतासाठी लाभांशावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, कारण तारीख कंपनी ठरवते आणि लाभांश देणे तिच्यावर बंधनकारकही नसते.

रक्कम डिमॅट खात्याशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. पासबुकात ‘एसीएच’ अशा अक्षरांपुढे कंपनीचे अर्धवट छापलेले नाव आणि ८२.५० किंवा ३१५.०० अशी एखादी लहान रक्कम दिसते, आणि व्याज समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. वहीत प्रत्येक कंपनीसाठी नोंद दिनांक, त्या दिवशीचे शेअर, प्रति शेअर रुपये, अपेक्षित रक्कम, कापलेला कर आणि जमा झाल्याची तारीख एवढे सहा रकाने आखले, तर न आलेला लाभांश आपोआप उघडा पडतो. तो न येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे डिमॅटमध्ये राहिलेले जुने बँक तपशील. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. अशा विलीनीकरणांनंतर खाते क्रमांक किंवा आयएफएससी बदलला आणि डिमॅटमधील नोंद तशीच राहिली, तर रक्कम परत जाते.

कागदी प्रमाणपत्रे असणाऱ्यांना १ एप्रिल २०२४ पासून पॅन, बँक खाते, संपर्क तपशील व सही यांची केवायसी पूर्ण झाल्यावरच, आणि तोही थेट बँकेत, लाभांश मिळतो. तोपर्यंत तो कंपनीकडे अडकून राहतो.

न दिला गेलेला लाभांश कंपनी स्वतंत्र खात्यात ठेवते आणि सात वर्षे कोणी मागितला नाही तर तो गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) वर्ग होतो. सलग सात वर्षांचा लाभांश मागितला गेला नसेल तर ते शेअरसुद्धा निधीकडे जातात. दोन्ही परत मिळतात. त्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत व कागदपत्रे कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावी लागतात. या अर्जाला सरकारी शुल्क नाही, म्हणून टक्केवारीवर काम करून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला होकार देण्यापूर्वी स्वतः एकदा प्रयत्न करून पाहावा. किती रक्कम मागायची हे काढताना आजची शेअरसंख्या सर्व वर्षांना लावू नये. प्रत्येक वर्षाच्या ओळीत त्या वर्षी नावावर असलेले शेअर आणि त्या वर्षी जाहीर झालेला प्रति शेअर लाभांश मांडावा, जुन्या अहवालात टक्केच दिले असतील तर त्या वर्षीच्या दर्शनी किमतीने त्यांचे रुपये करावेत, आणि आलेली बेरीज कंपनीच्या संकेतस्थळावरील न मागितलेल्या लाभांशाच्या यादीशी जुळवून पाहावी.